केराबाईची हाक

मोडनिंबच्या उत्तरेला आमचा एक डोंगर आहे. साताऱ्याकडच्या माणसाला दाखवला तर तो हसेल. म्हणेल, हा कसला डोंगर, हे तर जमिनीला आलेलं टेंगूळ. हसू दे बापड्याला. आमच्या सपाट मुलखात एवढी उंचीसुद्धा मानाची. वर चार-दोन हिवर, बोरीच्या जाळ्या आणि पावसाळा सरला की गुडघाभर पिवळं कुसळी गवत. लोक त्याला बोडका म्हणतात. बोडक्याला ना भिंत, ना तार, ना काट्याचं कुंपण. अलीकडच्या अंगाला पायथ्याशी कोंडीबा आणि केराबाईचं घर आणि मेंढरांचा वाघूर, म्हणजे जाळी लावून केलेला आडोसा. पलीकडच्या अंगाला लोकांची शाळूची रानं, थेट डोंगराच्या पायापर्यंत भिडलेली.

एवढ्या उघड्या डोंगरावर सबंध कळप रोज सकाळी चढायचा, दिवसभर मनाला येईल तसा पांगायचा आणि दिवस कलला की आपसूक खाली यायचा. आपसूक म्हणजे कोंडीबाच्या हाकेवर. कानामागं हात ठेवून तो एकदाच "ल्येऽऽऽ हो" म्हणायचा. मग आधी बांडी नावाची म्हातारी मेंढी मान वर करायची, वळायची आणि तिच्यामागं सगळा डोंगर हालायला लागायचा. बांडीच्या पाठीवर अर्धा पांढरा, अर्धा काळा पट्टा, म्हणून बांडी.

मी ती हाक पहिल्यांदा ऐकली तेव्हा पाटावर तांदूळ निवडत होते. हातातलं सूप खाली ठेवलं. आयुष्य मी तमाशाच्या फडावर काढलेलं. कनातीच्या शेवटच्या टोकाला, जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसापर्यंत बिनमाइकचा आवाज पोचवायचा म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. तो आवाज मोठा नव्हता, पण लांब जात होता. गुडघे गेल्यावर मी घुंगरं उतरवली आणि मोडनिंबच्या कडेला दोन खोल्या बांधून राहिले. त्या दिवशी वाटलं, आपण चांगल्या शेजाराला आलो.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तिकडं गेले आणि कोंडीबाला विचारलं, हा गळा कमावला कुठं?

तो म्हणाला, "गळ्यात काय न्हाय वो आक्का. हाक खोटी पडू द्यायची न्हाय, येवढंच."

तेव्हा मला ते म्हाताऱ्याचं बोलणं वाटलं. त्याचा अर्थ कळायला मला पुढं बरीच वर्षं लागली, आणि तो कळला त्याच्याकडून नाही, केराबाईकडून.

केराबाई सांगोल्याकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या वाट्याला घर आलं नाही, घोड्यावर लादलेलं बिऱ्हाड आलं. सासरा हयात होता तोवर ही माणसं चार-चार महिने मेंढरांमागं फिरायची. मग म्हातारा गेला, अंगावर लेकरू आलं आणि कोंडीबानं बोडक्याच्या पायथ्याला कायमचा मुक्काम टाकला. बाई अंगानं काटकुळी, कपाळावर गोंदण, डोळे बारीक, आणि जीभ अशी की आमच्या फडातला सोंगाड्या तिच्यापुढं मुका झाला असता. पहिल्याच दिवशी तिनं मला खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, "लई नाचलासा म्हनं. मग आता आमच्याकडं काय, मेंढरांची बारी लावायची का?" मी हसले. ती हसली नाही, पण चहा मात्र ठेवला, मेंढीच्या घट्ट दुधाचा. तिथून पुढं आमचं जमलं.

या कामात एक वाटणी असते. डोंगर बाप्याचा, कोकरं बाईची. लहान कोकरांना डोंगरावर नेत नाहीत. ती दमतात, मागं राहतात आणि लांडग्याच्या तोंडी जातात. म्हणून आया चरायला गेल्या की कोकरं दिवसभर वाघरात, केराबाईच्या हाताखाली. तिनं इतक्या वर्षांत हाक कधी दिलीच नव्हती. तिला ती द्यायची वेळच आली नव्हती. हाकेच्या वेळी तिचे दोन्ही हात कोकरांच्या दाराला असायचे.

आणि तो देखावा, काय सांगू! आमच्या वगात शेवटी ताटातूट झालेली मायलेकरं भेटायची तेव्हा बायका पदर डोळ्याला लावायच्या. इथं तो प्रवेश रोज व्हायचा आणि एकाच वेळी साठ-सत्तर मायलेकरांचा. मेंढ्या खाली आल्या की केराबाई दार उघडायची. कोकरं सुटायची, आया ओरडायच्या, धुळीत काही दिसायचं नाही. कुणी भलतीच्याच कासेला लागायचं आणि लाथ खाऊन परत फिरायचं. केराबाई मधोमध उभी राहून एकेकाचं मानगूट धरायची, "तुजी आय ती न्हवं रं भाड्या, ती तितं," म्हणत त्याला त्याच्या आईपाशी नेऊन टाकायची. थोड्या वेळानं सगळा गलका शांत व्हायचा. फक्त शेपट्या हालत असायच्या. मग ती माझ्याकडं वळून चहा घेणार का विचारायची.

गेल्या दिवाळीनंतर कोंडीबा ओढ्यातल्या दगडावरून घसरला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. सोलापूरला नेलं, शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सांगितलं, चालेल, पण सबुरीनं, आणि डोंगराचं नाव काही महिने काढायचं नाही. मुलगा अभिमन्यू सोलापूरजवळ कुंभारीला राहतो, एका कारखान्यात वायरमन आहे. त्यानं बापाला तिथंच ठेवून घेतलं. सून वैजयंती मायाळू, तिनं सासऱ्याची खाट दारासमोर टाकली, म्हणजे येणारी-जाणारी माणसं दिसावीत. आणि अभिमन्यू रजा काढून मेंढरांकडं आला.

पोरगा वाईट नाही, हे आधीच सांगते. आईबापाला सोडून देणाऱ्यातला तो नाही. पण त्याला मेंढरं नको होती. त्याचं म्हणणं, हे सगळं बापाच्या गळ्यावर उभं आहे, गळा घरी बसला की कळप हवेवर. रजा संपायच्या आत विकून टाकू. आई कुंभारीला येईल, बापाजवळ राहील. त्यानं अक्कलकोटकडचा एक व्यापारी, शरणप्पा, त्याच्याशी बोलणंही करून ठेवलं. बाजाराच्या दिवशी तो गाडी घेऊन येणार होता.

केराबाई भांडली नाही. चुलीपाशी बसून एवढंच म्हणाली की मेंढरं डोंगराची आहेत, ती गाडीत घालून दुसऱ्या मुलखात सोडली तर पाण्याचं ठिकाण कुठलं आणि किराळ लागणारा विषारी चारा कुठला हे त्यांना कळायचं नाही, बांडीला जे ठाऊक आहे ते तिच्याबरोबरच मातीत जाईल. आणि मग म्हणाली, "मी कुंभारीला काय करू? वैजूच्या मिक्सरकडं बघत बसू?"

अभिमन्यू म्हणाला, "आये, तुझं सगळं खरं. पण डोंगरावनं खाली आनायची कुनी?"

पहिले दोन दिवस तिनं हाक देऊन पाहिली होती. बांडीनं मान वर केली, तिच्याकडं पाहिलं आणि पुन्हा गवतात तोंड घातलं. ओळखीची बाई, पण अनोळखी हाक. शेवटी मायलेक दोघं काठ्या घेऊन वर गेली आणि कळप वळवून आणता आणता अंधारलं.

तेव्हा अभिमन्यूला युक्ती सुचली. वायरमनच तो, त्याचं डोकं त्या वाटेनंच जायचं. कुंभारीला जाऊन त्यानं बापाची हाक मोबाईलवर घेतली. कोंडीबा आधी तयारच होईना. खाटेवर पडून घरी बोलवायची हाक द्यायची कशी, समोर मेंढरू नाही, पाठीमागं कोकरू नाही. वैजयंतीनं समजूत घातली तेव्हा त्यानं डोळे मिटले आणि एकदा दिली. वर सांगितलं, "दिवस कलल्यावरच वाजीव. आन वाजीवली की कोकरं सोड. नुसती वाजवू नगंस."

अभिमन्यूनं लग्नात वाजवतात तसला छोटा स्पीकर आणला, बोडक्याकडं तोंड करून ठेवला आणि संध्याकाळी हाक लावली. आणि काय सांगू, बांडी वळली! सगळा डोंगर खाली आला. अभिमन्यूनं माझा हात धरून मला दोन पावलं नाचवलं. केराबाईनंसुद्धा स्पीकरकडं जरा आदरानं पाहिलं.

इथंच घोळ झाला. म्हणजे कसं, की पोरगा दिवसभर उन्हात कळपामागं फिरून कंटाळायचा. त्याला वाटलं, बटण दाबलं की येतात, मग फिरायचं कशाला? दुपारी त्यानं हिवराच्या सावलीला बसून हाक लावली. मेंढरं धावत आली, पान्हावलेल्या आया ओरडत आल्या, आणि सावलीत फक्त अभिमन्यू, भाकरी खात. मेंढ्या थोडा वेळ हुंगत राहिल्या आणि पांगल्या. दुसऱ्या दिवशी त्यानं कारखान्यातल्या दोस्तांना दाखवायला तोच प्रकार केला आणि व्हिडिओ काढला. पुन्हा आल्या, पण निम्म्याच, आणि बांडी वाटेतच थांबली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आम्हा दोघींना यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्ही पायथ्याला होतो आणि हाक दुपारच्या वाऱ्याबरोबर पलीकडं जात होती.

आमच्या फडात एक नियम होता. ढोलकी-हलगीची सलामी झडली की गण उभा राहिलाच पाहिजे. एकदा वैरागच्या जत्रेत ऐन वेळी कुणाचा तरी साज सापडेना, म्हणून सलामी तीन वेळा वाजवावी लागली. तिसऱ्या वेळेला लोकांनी ढेकळं मारली आणि चौथ्या वेळेला, आम्ही खरोखर उभ्या राहिलो तेव्हा, निम्मी कनात रिकामी झालेली होती. लोक रागावून गेले नव्हते. त्यांचा विश्वास गेला होता, एवढंच.

शरणप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. त्या संध्याकाळी मी केराबाईकडं बसले होते. दिवस हिवराच्या शेंड्यावर आला. अभिमन्यूनं स्पीकर लावला. ल्येऽऽऽ हो. डोंगरमाथ्यावर ओळीनं कळप दिसत होता. एकाही मेंढीनं मान वळवली नाही. त्यानं आवाज वाढवला. ल्येऽऽऽ हो. ल्येऽऽऽ हो. बांडीनं पाहिलं, आणि मग मी तिची पाठ पाहिली. ती पलीकडच्या उताराला लागली.

पलीकडं शाळू. यंदा परतीचा पाऊस फिरकला नव्हता, शाळू गुडघ्याएवढा होऊन खुंटला होता. असा तहानलेला कोवळा शाळू पोटात गेला की जनावराला किराळ लागते, म्हणजे विषच चढतं. तोंडाला फेस येतो आणि जनावर उभ्या जागी कोसळतं. कळपच्या कळप गेलेले लोकांनी पाहिलेत. कोंडीबा असता तर मेंढरं त्या अंगाला कधी गेलीच नसती.

केराबाई ताडकन पोराकडं वळली. तिनं विचारलं, दिवसा कधी वाजवलीस का? अभिमन्यूनं खाली बघत सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ही याची साल काढणार. ती त्याला म्हणाली, "तुजी कंपनी न्हाय ही, बटन दाबलं की चालू," आणि लगेच विषय सोडून दिला. काठ्या घेऊन पळत माथ्यावर जाईस्तोवर कळप शाळूत शिरलेला असता, हे तिला कळत होतं. आणि मागून पळत गेलं तर मेंढरू पुढंच पळतं.

वाघरात कोकरं ओरडत होती. त्यांची पाजायची वेळ होऊन गेली होती. केराबाई क्षणभर तशीच उभी राहिली, ऐकत. मग वाऱ्याकडं तोंड केलं. संध्याकाळी वारा फिरला होता, माथ्यावरून आमच्याकडं येत होता. कोकरांचा आवाज वर पोचत नव्हता.

तिनं कोपऱ्यातलं मोठं डालगं ओढलं आणि त्यात कोकरं भरायला लागली. अभिमन्यू म्हणाला, आये, लहान कोकरं वर नेत नाहीत. ती म्हणाली, "न्हाईत नेत. धर तू बी दोन." दोन त्याच्या काखेत, दोन माझ्या पदरात. गुडघ्यांचं दुखणं मी त्या वेळी विसरले होते, ते नंतर आठवणीनं दुखले. डालगं डोक्यावर घेऊन ती सरळ चढाला लागली, वाट सोडून, कुसळातून. अर्ध्या चढावर एक सपाट काळा खडक आहे. तिथून माथा हाकेच्या टप्प्यात येतो. तिनं डालगं खडकावर ठेवलं आणि झाकण काढलं, पण कोकरं बाहेर काढली नाहीत.

भुकेली कोकरं, अनोळखी जागा, वर मोकळं आभाळ. त्यांनी जो आकांत मांडला तो मी जन्मात विसरणार नाही. केराबाईनं अभिमन्यूला खुणेनं गप्प केलं. आम्ही तिघं आणि ती ओरडणारी टोपली. बाकी डोंगर रिकामा.

मग माथ्यावर एक काळं-पांढरं टोक दिसलं. बांडी. तिचं स्वतःचं कोकरू डालग्यात नव्हतंच, तिला कधीपासून कोकरू झालेलं नव्हतं. पण ती उभी राहिली आणि ऐकू लागली. तिच्यामागून एक मेंढी आली, मग दुसरी. एकीनं वरून ओरडून उत्तर दिलं. डालग्यातलं एक कोकरू मागच्या पायांवर उभं राहिलं. आणि त्या मेंढीनं जी धाव घेतली! दगड घरंगळत होते, धूळ उडत होती, आणि तिच्यामागं एकेक करून, मग झुंडीनं, सगळा कळप उताराला लागला. ज्यांची कोकरं खाली वाघरात होती त्याही आल्या. नर आले. शेवटी बांडी आली, सावकाश, मान वर ठेवून, मानकऱ्यासारखी.

आणि तेव्हा, कळप निम्म्या वाटेवर असताना, केराबाईनं कानामागं हात ठेवला आणि हाक दिली. कोंडीबाची नक्कल नव्हे. तिची, बायकी, जरा चिरकी, शेवटाला तुटणारी. एकदाच. आणि लगेच दोन्ही हातांनी कोकरं उचलून खडकाखाली सोडली.

मी खडकावर बसले. अभिमन्यू आईकडं पाहत होता. थोड्या वेळानं त्यानं मोबाईलबरोबर लोंबत आलेली स्पीकरची पिन काढली आणि खिशात घातली, जणू कुणाची लाज झाकावी तशी. मग दोन कोकरं काखेत घेऊन तो तिच्यामागं उतरू लागला आणि कळप त्या दोघांच्या मागं.

खाली येईपर्यंत तांबडं झालेलं आभाळ विझलं होतं. वाघरापाशी पोचल्यावर केराबाईनं पुन्हा एकदा हाक दिली आणि उरलेल्या कोकरांचं दार उघडलं. नेहमीचा गलका झाला. तिनं नेहमीसारख्या शिव्या दिल्या. मग ती एकदम खाली बसली, घराच्या भिंतीला पाठ टेकून, आणि म्हणाली, "मुक्ताक्का, च्या तुमी ठेवा आज."

सकाळी शरणप्पा आला. धोतर, टोपी, तोंडात पान, बोलण्यात कानडी हेल, माणूस रसाळ. त्यानं मेंढ्यांच्या कमरा चाचपल्या, दात पाहिले, पसंती दर्शवली. तोवर केराबाई कोकरांना पाणी पाजत होती. त्यानं एका मेंढीला शिंगाला धरून गाडीकडं ओढलं. केराबाईनं मागं न पाहता, उगाच, कोकराशी बोलल्यासारखं काहीतरी पुटपुटलं. मेंढीनं शरणप्पाच्या हाताला हिसडा दिला आणि ती केराबाईच्या लुगड्याला येऊन घासली. तिच्यामागं आणखी तीन आल्या.

शरणप्पानं पान थुंकलं. हात झटकले. अभिमन्यूकडं पाहून म्हणाला, "ही इकायची मेंढरं न्हाईत री. माज्याकडं एक दिस टिकायची न्हाईत. उद्या परत चालत हितंच." मग केराबाईला म्हणाला, "अव्वा, च्या तरी पाजशील का न्हाय?"

अभिमन्यूनं विरोध केला नाही. मला वाटतं, त्यालाही सुटल्यासारखं झालं होतं. त्यानं उरलेल्या रजेत वाघराची जाळी बदलली, सोलरचा दिवा बसवला आणि रोज आईबरोबर डोंगरावर गेला, पण हाक देण्याचं काम तिच्याकडंच ठेवलं. पहिले आठ-दहा दिवस तिनं एकही दिवस न चुकवता दिवस कलला की हाक दिली आणि हाकेबरोबर दार उघडलं. कधी पाहुणे बसलेले असले तरी उठून गेली. ताप होता त्या दिवशीही गेली. मेंढरं आधी चालत यायची, मग भरभर, मग पूर्वीसारखी धावत.

शरणप्पा गेला त्याच संध्याकाळी अभिमन्यूनं कुंभारीला फोन लावला होता आणि तो कळपात धरला होता. कोंडीबानं बराच वेळ नुसतं ऐकलं, घुंगरू, ओरडणं, केराबाईच्या शिव्या. मग विचारलं, "बांडी म्होरं हाय का?" आहे म्हटल्यावर म्हणाला, "मग ठेव." वैजयंती नंतर सांगत होती, त्या रात्री म्हाताऱ्यानं इतक्या दिवसांत पहिल्यांदा ताटातलं सगळं संपवलं.

शिमग्याच्या सुमारास तो काठी टेकत परत आला. दिवसभर दारात बसला. दिवस हिवरावर आला आणि सवयीनं त्याचा हात कानामागं गेला. ल्येऽऽऽ हो. तोच आवाज, तितकाच लांब जाणारा. माथ्यावर बांडीनं मान वर केली. कोंडीबाकडं पाहिलं. मग वाघराच्या दाराशी केराबाई आहे का, ते पाहिलं. ती कमरेवर हात ठेवून उभी होती आणि हसत होती. तिनं दार उघडलं, तेव्हा बांडी वळली.

कोंडीबानं काठी आडवी मांडीवर घेतली. माझ्याकडं पाहून म्हणाला, "बघा आक्का. माजी पेन्शन झाली की."

"मग काय," केराबाई धुळीतून ओरडली. "बसा आता खाटंवर आन कोकरांच्या आया वळकायला शिका."

तो उठला आणि काठी टेकत टेकत वाघराकडं गेला. पहिल्याच कोकराला त्यानं चुकीच्या आईपाशी नेऊन सोडलं.